ठिपका घरी येईपर्यंत

आप्पांनी त्या पक्ष्याला हातात धरलं तेव्हा मी तिथे होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकताना लोक विचारतात, तुझ्या वडिलांचा आणि पक्ष्यांचा संबंध काय? संबंध काहीच नव्हता. उलट पक्ष्यांना हाकलणं हीच त्यांची नोकरी होती.

त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. धुळ्याकडून सुरतला आले ते लग्नाआधी, नवागामच्या एका खोलीत सात-आठ जणांत राहिले, मग माय आली, मग मी झाले, मग डिंडोलीत दोन खोल्यांचं घर झालं. या सगळ्या वर्षांत संचांच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू गेले. कधी गेले ते आम्हालाही कळलं नाही. घरात सगळेच मोठ्याने बोलत होतो, एवढंच. शेवटी नजरही मंदावली, तुटलेला धागा दिसेना, तेव्हा शेठने त्यांना घरी बसवलं. आप्पा घरी बसणाऱ्यातले नव्हते. ओळखीतून त्यांनी हजीऱ्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका झिंगा तलावावर राखणदाराचं काम धरलं.

तलाव म्हणजे मातीच्या बांधांनी केलेले मोठे चौकोन. त्यात झिंगे, म्हणजे कोळंबी वाढवतात आणि पक्षी ते खायला येतात. आप्पांनी बांधावरून फिरायचं आणि पत्र्याचा डबा वाजवायचा. ऐकू न येणाऱ्या माणसाला आवाज करायची नोकरी मिळाली, यावर माय कधीतरी हसायची. आप्पा नाही हसायचे. त्यांना ते काम आवडलं होतं. ओहोटीच्या वेळी खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पार पलीकडच्या कारखान्यांच्या धुराड्यांपर्यंत चकाकतो. खात्यात इतकी वर्षं चार भिंती पाहिलेल्या माणसाला ते पुरत होतं.

त्या रविवारी ते बीपीच्या गोळ्या घरीच विसरले म्हणून मी स्कूटरवर त्या द्यायला गेले. बांधावर तीन-चार अनोळखी माणसं बसली होती. मधोमध चटई, वजनकाटा आणि कापडी पिशवीत काहीतरी हलत होतं. त्यांतल्या बाई पुण्याच्या होत्या, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या. थंडीत इथे येणारे पक्षी उन्हाळ्यात कुठे जातात ते शोधायला त्यांच्या पाठीवर छोटं यंत्र बसवतात आणि ते यंत्र उपग्रहामार्फत आपली जागा कळवत राहतं, असं त्यांनी मला सांगितलं. आम्ही पुढे त्यांना मॅडमच म्हणत आलो.

त्यांच्या एका सोबत्याचा हात शिंपल्याने कापला होता आणि तो धुवायला गेला होता. पक्ष्याला फार वेळ पिशवीत ठेवायचं नसतं. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि आप्पांना खुणेने विचारलं, "काका, जरा धराल का?"

आप्पांनी हात पँटला पुसले आणि धरला. राखी-तपकिरी रंगाचा, कोंबडीएवढा पक्षी, आणि चोच मात्र वीतभर लांब, खाली वाकलेली. मॅडमनी त्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं होतं, पण आमच्या घरात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. आप्पा त्याला पहिल्यापासून वाकडचोच्या म्हणाले आणि तेच राहिलं. मॅडम त्याच्या पंखांखालून मऊ पट्ट्या घेऊन पाठीवर ते यंत्र बांधत होत्या. काडेपेटीहून लहान, वर उन्हावर चालणारी काळी पट्टी, मागे तारेची शेपटी. आप्पा हलले नाहीत. थोड्या वेळाने ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने मला म्हणाले, "याचं काळीज खात्याना संचासारखं चाली ऱ्हायनं."

मग पक्षी ओरडला. लांबट, वर चढत जाणारा आवाज, खाडीवरून पलीकडे गेला. आप्पांनी मान वर केली नाही. ते आपल्या बोटांकडे बघत होते.

"बोलना का तो?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी मान हलवून सांगितलं. "बोलला."

"हातले समजनं," ते म्हणाले. हाताला कळलं.

मॅडमनी जाताना त्या पक्ष्याच्या नकाशाची लिंक माझ्या आणि आप्पांच्या फोनवर टाकून दिली. आप्पांना नकाशा वाचता येत नव्हता. पाळी संपवून घरी आले की पाय धुऊन माझ्यासमोर बसायचे आणि फोन पुढे करायचे. मी सांगायचे, तुमच्याच तलावावर आहे. आज शेजारच्या तलावावर गेला होता. आज खाडीच्या तोंडाशी आहे. एका निळ्या ठिपक्याच्या या बातम्या ते गावाकडच्या बातम्यांसारख्या ऐकायचे. मायला या सगळ्याचं काही नव्हतं. ती चुलीपाशी बसून म्हणायची, ज्या पाखराला हाकलायचे पैसे मिळतात त्याचीच चौकशी करता. खरं तर आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, पण माय गॅसपाशीही चुलीपाशी बसल्यासारखीच बसते.

थंडी सरत आली होती तेव्हा आप्पा गेले. रात्रपाळीला होते. सकाळी बदलीचा माणूस आला तर हे बांधावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले होते, खाडीकडे तोंड करून, डबा मांडीवर. त्याला वाटलं डोळा लागला. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं आणि त्रास झाला नसावा असंही म्हणाले. ते आम्हाला बरं वाटावं म्हणून की खरंच, कोण जाणे.

दिवस झाले, गावाहून आलेली माणसं परत गेली. मी कामाला लागले. रिंगरोडच्या मार्केटमध्ये एका साडीच्या दुकानात नवीन मालाचे फोटो काढून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं माझं काम होतं. माय दिवसभर घरात एकटी असायची. शेजारच्या बायका साड्यांना टिकल्या लावायला ओट्यावर बसायच्या, तीही आधी बसायची, आता बसेना. आप्पांचा फोन तिने चार्ज करून उशाशी ठेवला होता. रिचार्जही करायला लावला मला. कुणाचा फोन यायचा नव्हता, पण मी काही बोलले नाही.

मग होळीच्या सुमारास त्या फोनवर मॅडमचा मेसेज आला. त्यांना आप्पा गेल्याचं माहीत नव्हतं. "काका, तुमचा पक्षी निघाला," एवढंच लिहिलं होतं, आणि खाली नकाशा. मी मायला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कथा गया?"

मी नकाशा मोठा केला. ठिपका कच्छ ओलांडून पाकिस्तानात शिरला होता. मी सांगितलं, समुद्र मागे राहिला, आता वाळवंटावरून चाललाय. तिने भाकरी तव्यावर टाकली, दुसऱ्या बाजूने भाजली, फुगवली, आणि मग विचारलं, "एकटाच शे का?"

मी म्हटलं, थवा असतो त्यांचा, पण यंत्र एकट्याच्याच पाठीवर आहे. बाकीचे दिसत नाहीत.

तिथून सुरू झालं. रोज संध्याकाळी मी घरात पाय ठेवला की माय आप्पांचा फोन पुढे करायची, "माले दखाड." मी डोंगर दाखवायचे, डोंगरातल्या वाटा दाखवायचे, बर्फ दाखवायचे. कितीतरी दिवस तो एका नदीकाठी थांबला तेव्हा मायने मला मॅडमना फोन करायला लावला. मॅडमना तोपर्यंत मी आप्पांचं कळवलं होतं. त्या म्हणाल्या, "खायला थांबलाय. वाऱ्याची वाट बघत असेल. मावशींना सांग, काळजी करू नका." शेवटी तो कझाकस्तानात एका तळ्याकाठी पोचला. मॅडम म्हणाल्या, इथेच जन्मला असणार तो, आता इथे घरटं करेल. तळ्याच्या आसपास मैलोन्‌मैल गवत. गाव नाही, रस्ता नाही. ठिपका त्या गवतात इकडून तिकडे फिरायचा आणि माय समाधानाने फोन ठेवून द्यायची.

मे महिन्यात तो हलेनासा झाला.

एक दिवस, दोन दिवस, मग मी मोजणं सोडलं. मॅडमच्या आवाजावरूनच कळलं. अंडी उबवत असेल तरी नर-मादी पाळीपाळीने उठतात, इतकं स्थिर कुणी राहत नाही, त्या म्हणाल्या. बहुतेक गेला. मी ते मायला सांगायचं टाळत होते. ती विचारायची, "कथा शे?" मी सांगायचे, तिथेच आहे. ते खोटंही नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी मी फोन उघडला तर ठिपका सरळ रेषेत, तळं सोडून, गवतातून एका घरापाशी आला होता. एकटंच घर, पत्र्याचं असावं, बाजूला कुंपणाचा चौकोन. उपग्रहातून काढलेल्या चित्रात हे स्पष्ट दिसत होतं. ठिपका त्या कुंपणाच्या आत होता.

मॅडम म्हणाल्या, "कुणीतरी उचलून नेलंय यंत्र. मेलेला पक्षी सापडला असेल. त्याची पट्टी उन्हावर चालते, म्हणजे उघड्यावर ठेवलंय कुठेतरी."

मी हे मायला जसंच्या तसं सांगितलं. पक्षी मेला, यंत्र माणसाच्या हाती लागलं. माय नकाशातल्या घराकडे बघत राहिली. तिने बोटाने ते छप्पर मोठं केलं, तेव्हा मला नवल वाटलं, तिला ते करता येतं हे मला माहीत नव्हतं.

"घर गावनं," ती म्हणाली. घर सापडलं.

दुसऱ्या दिवशी ठिपका सकाळी घरातून निघाला. दूर गवतात गेला, दिवसभर तिकडेच राहिला, आणि ऊन उतरल्यावर परत त्याच कुंपणात आला. तिसऱ्या दिवशीही तसंच. रोज. सकाळी बाहेर, संध्याकाळी घर. पक्षी असताना त्याच्या फिरण्याला काही नेम नव्हता, आणि आता पक्षी मेल्यावर तो ठिपका पाळीवर जाणाऱ्या माणसासारखा जाऊ-येऊ लागला.

मी मार्केटमध्ये साड्यांचे फोटो काढता काढता मध्येच ते बघायचे. अंगावर काटा यायचा आणि तरी बघायचे. त्या देशाचं घड्याळ आपल्यापेक्षा जेमतेम अर्धा तास मागे आहे, म्हणजे इथे दिवेलागण होते तेव्हा तिकडेही दिवस कलत असतो. जून-जुलैत तिकडे दिवस लांब, अंधार उशिरा. तरी ठिपका वेळेवर घरी.

मायने हळूहळू घराचं वेळापत्रक त्याच्याभोवती लावलं. हे एकदम झालं नाही, म्हणून माझ्याही लक्षात उशिरा आलं. मी कामावरून आले की ती माझं ताट वाढायची आणि स्वतः बसायची नाही.

"तू?"

"माले भूक नही आते."

मी जेवून हात धुतले की फोन पुढे यायचा. मी बघायचे, सांगायचे, अजून वाटेत आहे. ती ओट्यावर जाऊन बसायची. परत यायची. मी सांगायचे, हं, आला. मग ती स्वतःचं ताट वाढून घ्यायची. आप्पा खात्यात होते तेव्हा ती अशीच थांबायची. लहानपणी मी झोपून जायचे आणि ही दोघं मागून जेवायची.

एक गोष्ट मला सांगायची आहे, ती सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. आमच्या अहिराणीत बायको नवऱ्याबद्दल आदराने बोलते. पाखरू आलं तर 'ऊना', पण नवरा आला तर 'ऊनात'. इतके दिवस माय विचारायची, "घर ऊना का?" श्रावणातल्या एका संध्याकाळी ती गॅसकडे तोंड करून, पाठमोरी, अगदी सहज म्हणाली, "घर ऊनात का?"

माझ्या हातात फोन होता. मी ठिपका पाहिला. मग म्हणाले, "ऊनात."

तिला कळलं का ती काय म्हणाली? मला माहीत नाही. ती वेडी झाली नव्हती. दिवसभराचे व्यवहार नीट करत होती, भाजीवाल्याशी गुजरातीत भांडत होती, गावाकडच्या भावाला फोनवर माझ्या लग्नाबद्दल विचारत होती. आणि तो भाऊ स्थळं सुचवत होता त्यांना मीच नको म्हणत होते. मायला एकटीला टाकून कुठे जाऊ, असं माझं उत्तर ठरलेलं होतं. मॅडमनी मला पुण्यातल्या एका संस्थेत नकाशांवर काम करायची जागा आहे असं सांगितलं होतं, तू रोज बघतेस तसंच काम, त्या म्हणाल्या. त्यालाही मी नको म्हटलं होतं.

गणपती बसले त्या आठवड्यात ठिपका संध्याकाळी घरी आला नाही.

मी सांगितलं, अजून गवतातच आहे. माय ओट्यावर गेली. आली. पुन्हा गेली. मी म्हटलं, जेवून घे. ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी ठिपका अजून लांब गेला होता, तळ्याच्या पलीकडे, जिथे तो कधीच गेला नव्हता. त्या दिवशीही माय जेवली नाही, चहा घेतला फक्त. तिसऱ्या दिवशी दुकानात मी साड्या तशाच टाकून ठिपक्याकडेच बघत बसले होते. दुकानाच्या शेठनी काय झालं म्हणून विचारलं, "शुं थयुं?" आणि मी त्यांना म्हणाले, घरी माणूस आलेला नाही. हे वाक्य माझ्या तोंडून असं निघालं. शेठनी मला घरी पाठवलं.

मार्केटच्या जिन्यात उभं राहून मी मॅडमना फोन लावला आणि रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी तिकडच्या ओळखीच्या माणसाला सांगते. तो एकदा जाऊन बघेल. तसंही ते यंत्र परत आणायचंच होतं."

ते मायला सांगायला त्या आमच्या घरी आल्या. पुण्याहून खाडीवरच्या कामाला आल्या होत्या, वाट वाकडी करून डिंडोलीत आल्या. मायने त्यांना चहा दिला, समोर बसली. त्यांनी नीट समजावलं. यंत्राच्या आत पक्ष्याच्या शेवटच्या दिवसांची माहिती साठलेली आहे, तो कशाने गेला ते कळेल, आणि यंत्र चांगलं असलं तर दुसऱ्या पक्ष्याला बांधता येईल.

माय त्यांच्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करते. ती म्हणाली, "तिथेच राहू द्या ना."

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी खाली पाहिलं.

"मावशी, ते काका नाहीत," मॅडम अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या.

"ते मला समजतं," माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी काय येडी शे का? पण ज्या वस्तूला यांचा हात लागला ती रोज सांजचं कुणाच्या तरी घरी जाते, तेवढं मला दिसतं. ते बंद झालं तर मी काय बघू?"

चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने मायच पुन्हा म्हणाली, "आणा. दुसऱ्या पाखराला लागत असेल तर आणा. फक्त त्या घरच्यांना सांगा, चोरी केली असं नका म्हणू. इथून एक बाई बघत होती असं सांगा."

तिकडे जाणारा माणूस निघायला काही आठवडे गेले. तेवढ्यात ठिपका कधी दोन-दोन दिवस गवतात, कधी अचानक घरी, असा वाटेल तसा फिरत होता. माय कधी जेवायची, कधी नाही. दिवाळी आली आणि गेली. आमच्याकडे त्या वर्षी दिवाळी नव्हतीच.

मग मॅडमनी फोन केला आणि सोबत फोटो पाठवले. मी स्पीकर लावला, माय शेजारी बसली.

ते यंत्र एका घोडीच्या गळ्यात होतं. तपकिरी, बुटकी घोडी, आयाळ कपाळावर आलेली. घरमालक म्हातारा माणूस, केसाळ टोपी घातलेला. त्याला तळ्याकाठी विजेच्या तारेखाली मेलेला पक्षी सापडला. तिकडे गवतात मोकळ्या सुटलेल्या घोड्यांच्या गळ्यात लोक अशी यंत्रं बांधतात, हरवू नयेत म्हणून. त्याला वाटलं हे तसलंच काहीतरी आहे. त्याने ते घोडीच्या गळ्यात बांधलं. त्याच्या फोनवर ते कधी दिसलं नाही, तरी त्याने काढलं नाही. कुणाला तरी दिसत असेल, असं तो म्हणाला.

"रोज संध्याकाळी कसं काय घरी यायचं ते?" मी विचारलं. "तो हाकून आणायचा का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तेच मीही विचारलं. उन्हाळ्यात ते लोक घोडीचं दूध काढतात. त्यासाठी शिंगरू घरापाशी बांधून ठेवतात. घोडीला मोकळं सोडतात. ती चरते आणि पिल्लासाठी आपली आपण परत येते. सप्टेंबरात शिंगरू मोठं झालं, मग त्यालाही सोडून दिलं. तेव्हापासून ती रोज येईनाशी झाली."

माय फोटोकडे बघत होती. मॅडम फोनवर "मावशी?" म्हणाल्या. मायने हातानेच मला खुणावलं, ठेव.

मग ती स्वतःशीच म्हणाली, "पोर बांधेल व्हतं म्हनीसन येत व्हती."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी कुठेतरी दुसरीकडे बघू लागले. आप्पा रात्रपाळीवरून आले की झोपायच्या आधी मला शाळेत सोडायला यायचे, डोळे तांबारलेले, कपड्यांना तेलाचा वास, माझं दप्तर त्यांच्या खांद्याला. शाळेच्या फाटकाशी मी त्यांना परत जा म्हणायचे आणि मी आत गेल्याशिवाय ते जायचे नाहीत. हे मला त्या क्षणी आठवलं. ते मायला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिने दोन ताटं एकदमच वाढली.

मॅडमच्या ओळखीच्या माणसाने यंत्र सोडवून आपल्या शहरात नेलं. काही दिवस नकाशावर एका उंच इमारतीच्या खिडकीत ठिपका दिसत राहिला, रात्रंदिवस तिथेच, मग ते बंद केलं गेलं. नकाशावर नुसती रेघ राहिली, हजीऱ्यापासून निघालेली आणि गवतात गुरफटलेली. मायने पुन्हा कधी फोन पुढे केला नाही. आप्पांचं वर्षश्राद्ध झालं त्यानंतर तिने तो फोन बंद केला आणि सिम काढून मला दिलं. गावाहून आलेल्या भावासमोर, सगळे बसलेले असताना, ती मला म्हणाली, "त्या पुनाना कामनं काय व्हयनं? तू जाय."

मी म्हटलं, तू एकटी राहशील.

"शेजार शे ना मना," ती म्हणाली. "तू जाय."

मी गेले. आता पुण्यात असते, आणि दिवसभर नकाशांवर ठिपके बघते. बहुतेक ठिपके कधी ना कधी हलायचे थांबतात. त्याची सवय होते असं इथले लोक सांगतात. मला अजून नीटशी झालेली नाही. एखादा ठिपका थांबला की त्या दिवशी मी घरी मायला नेहमीपेक्षा लवकर फोन करते आणि कारण सांगत नाही. ती ओट्यावर बायकांबरोबर टिकल्या लावत असते. मागे त्यांचं बोलणं ऐकू येतं.

येण्याआधी स्टेशनवर तिने माझ्याकडून एक गोष्ट मागून घेतली होती. शेजारणीच्या सुनेने तिला शिकवलं होतं की व्हॉट्सअॅपवर माणूस कुठे आहे ते दिसतं. "तुना ठिपका दे माले," ती म्हणाली. गाडी लागली होती, माणसं ढकलत होती. मी तिच्या फोनवर ते चालू करून दिलं. दर काही तासांनी ते आपोआप बंद होतं आणि मला पुन्हा चालू करावं लागतं. सकाळी कामाला निघताना आणि संध्याकाळी घरी निघताना मी करते.

ती जेवायची थांबते का, हे मी विचारलेलं नाही. शेजारणीलाही विचारलेलं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी कधी सुटल्यावर कुठे चल म्हणतात. मी बहुतेक सरळ घरी येते. पोचून चप्पल काढते ना काढते तोच तिचा फोन येतो. काय खाल्लं, पाणी आलं का, असलंच काहीतरी विचारते.

गेल्या आठवड्यात तिने नेहमीचं बोलणं झाल्यावर फोन ठेवला नाही.

"काल तू पूलवर उभी व्हती," ती म्हणाली. "बराच येळ."

मला आठवलं. ऑफिसातून येताना नदीच्या पुलावर मी स्कूटर कडेला लावली होती.

"कोण व्हतं संगे?"

"कुणी नव्हतं."

"मंग काय दखी ऱ्हायंती?"

खाली पाणी फारसं नव्हतं. कचरा होता, दोन-चार बगळे होते. मी तिला सांगितलं की ट्रॅफिक होतं. ती हं म्हणाली. कशासाठी थांबले होते ते मला आठवेना.